सहा जणांची यादी

ताईला पाहुणी म्हणून यायचं असलं की ती दुपारच्या बोटीने येते. सकाळच्या पहिल्या बोटीने येते ती भांडायला. आज ती पहिल्या बोटीने आली, आणि नेहमीसारखी वर केबिनमध्ये न येता पुढच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. सुकाणूमागून दादाला तिची ताठ मान तेवढी दिसत होती. शहरातल्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवून ती तशी झाली की आधीपासूनच तशी होती, हे त्याला आता आठवेना.

बोट धक्क्याला लागून दोर बांधून होईपर्यंत ती थांबली. मग दोघं भाऊबहीण बर्फखान्याच्या रस्त्याला लागले. ती त्याच्या गुडघ्याची चौकशी करत होती, तो तिच्या शाळेची. ज्या गोष्टीसाठी ती आली होती, तिच्याबद्दल कुणीच अवाक्षर काढलं नाही. मोठ्या गोष्टी सगळे बसल्यावरच काढायच्या, आधी कुणी कुणाला फितवायचं नाही, ही वडिलांच्या वेळेपासूनची घरातली शिस्त. आणि ती मोडायची इच्छा आज दोघांनाही सारखीच होती.

पलीकडच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने धाकटीला बोलावलं होतं. एकटीला नाही, तिच्यासह सहा जणांना. बेटाबेटांवरून रुग्णांचे नमुने आणि औषधं बोटीने जातात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं जे सॉफ्टवेअर धाकटीच्या मंडळींनी इथे बसून बनवलं होतं, ज्याला सगळे, नमुने न्यायच्या थंड पेट्यांवरून, नुसतं ‘पेटी’ म्हणत, ते कंपनीला हवं होतं. पण माणसांसकट हवं होतं, आणि माणसांनी तिकडे राहायला जायला हवं होतं. आज दुपारी चार वाजता कंपनीच्या बाईंचा फोन येणार होता. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं.

दादाचं उत्तर तयार होतं: नाही. यादीत त्याच्या दोन्ही जुळ्या मुली होत्या, धाकटी बहीण होती, तिचा नवरा म्हणजे बेटाचा वायरमन होता, आणि पेटीतलं तापमान मोजायचं यंत्र बनवणारा म्हातारा घड्याळजी होता. सहावं कोण, हे त्याने विचारलंच नव्हतं. पाचांतच त्याचं डोकं भरलं होतं.

गंमत अशी, की सात वर्षांपूर्वी धाकटी शहरातली नोकरी सोडून आली आणि वडिलांनी बंद केलेल्या बर्फखान्याची किल्ली मागायला लागली, तेव्हा ‘नाही’ म्हणणारा तोच होता. खोक्यांपुढे बसून बोटं बडवणाऱ्या लोकांनी बेट चालत नाही, असं तो म्हणाला होता आणि नंतर वर्षभर तिच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला होता. तेव्हा तिच्या बाजूने उभी राहिली होती ताई. आज तोच तिला थांबवायला निघाला होता, आणि ताई तिला न्यायला.

बर्फखान्याच्या दारापर्यंत तो रोज यायचा. पेट्या घ्यायच्या, सही करायची, निघायचं. आत मात्र या सात वर्षांत गेला नव्हता. अभिमान म्हणा, आळस म्हणा. आज आत पाऊल टाकलं आणि पायाखाली फळ्या पोकळ वाजल्या तसा तो थबकला. खाली मिठाच्या पाण्याची ती जुनी टाकी. तिच्यावरच जमीन केली होती. टाकीवरची जाड लाकडी झाकणं घासूनपुसून पायांवर उभी केली होती, त्यांची टेबलं झाली होती. बर्फाच्या लाद्या उचलणाऱ्या क्रेनच्या रुळावरून आता दिवे आणि वायरी टेबलाटेबलापर्यंत उतरल्या होत्या. एका टेबलावर मासे मोजणारा कॅमेरा बनत होता, एकावर बोटींचे सुटे भाग शोधून देणारं काहीतरी, एकावर लहान मुलांना वाचायला शिकवणारं. नऊ कंपन्या, एक्केचाळीस माणसं, रविवार असूनही निम्मी हजर. आणि आवाज मात्र एवढाच, की कोपऱ्यातला पंखा ऐकू यावा. वडिलांच्या वेळी इथे बाजूच्या माणसाला ओरडून बोलावं लागे. काहीही न मोडता एवढं उभं केलं पोरीने, असं त्याच्या मनात आलं, आणि ते आपल्याला सात वर्षं उशिरा सुचलं हेही.

धाकटी कुठे आहे विचारलं तर कुणीतरी मागच्या मोरीकडे बोट दाखवलं. नळ गळत होता आणि ती पाना घेऊन त्याच्याखाली आडवी होती. ताई तिकडे गेली. दादा भिंतीपाशी उभा राहिला.

भिंतीवर ओळीने बर्फाचे पत्र्याचे साचे टांगले होते, माणशी एक. आत ज्याची त्याची पिशवी, डबा, छत्री. बाहेरच्या बाजूला खडूने एकेक वाक्य. हा प्रकार त्याने मुलींकडून ऐकला होता. इथे कामाला बसायचं तर आधी साच्यावर लिहायचं, की मला काय करायचंय. कंपनीला नाही, मला. झालं की नाही ते कुणालाही दिसलं पाहिजे. दुसऱ्याने ते लिहायचं नाही आणि पुसायचंही नाही. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपलं वाक्य उभं राहून वाचायचं आणि पुढे ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ म्हणून खाली बसायचं. कारणं द्यायची नाहीत. दादाला हे शाळकरी वाटायचं. आता तो वाचू लागला. ‘पोहायला शिकणे.’ बेटावर जन्मलेला कोण हा, म्हणून तो हसला. ‘वडिलांबरोबर आठवड्यातून एकदा न भांडता जेवणे.’ ‘दहा जणांसमोर अडखळलो तरी वाक्य पूर्ण करणे.’ हे घड्याळजींचं असणार. ते तोतरे होते. तो हळूहळू पुढे सरकत गेला आणि एका साच्यापाशी थांबला.

उजवीकडे झुकलेलं ते अक्षर तो चोवीस वर्षं ओळखत होता.

‘पलीकडे तीन महिने एकटीने राहायचं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली.’

खडू बऱ्याचदा गिरवलेला होता. जुन्या रेघेवर नवी रेघ, त्यावर अजून नवी.

•

दादाची बायको, सगळ्यांची वहिनी, त्या वेळी थंड खोलीत फोनवर होती. एके काळी बर्फ साठवायची ती जाड भिंतींची खोली. दार लावलं की बाहेरचं जग बंद. सगळ्यात दूरच्या बेटावरची नर्स रडकुंडीला आली होती. पेटी निघाली, पण इस्पितळात पोचली नाही. वहिनीने तिला आधी पाणी प्यायला सांगितलं. मग विचारलं, बोटीत पेटीशेजारी कोण बसलं होतं? नर्सने आठवून सांगितलं, शिंपीणबाई. शिंपीणबाईंच्या हातात काय होतं? कापडाचा गठ्ठा. “मग आपली पेटी कापडाच्या दुकानात गेलीय,” वहिनी म्हणाली. “थांब, मी बघते.” सात मिनिटांत पेटी सापडली. तापमान ठीक होतं.

या खोलीत ती दोन दिवसांसाठी आली होती, त्याला तीन वर्षं झाली. चूक अशी झाली होती, की या बेटावर कुणी कुणाला आडनावाने ओळखत नाही. त्यामुळे पेटी बनवताना ‘नाव’ म्हणून एकच रकाना ठेवला गेला आणि सगळ्यांनी त्यात, आपल्याला ज्या नावाने हाक मारतात ते भरलं. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग पेटी अकरा बेटांवर गेली आणि एका सकाळी यादीत त्रेचाळीस ‘दादा’ आणि एकोणीस ‘आई’ निघाल्या. एका ‘आई’चा अहवाल तीन घरी गेला आणि तिन्ही आयांनी आठवडाभर चहातली साखर सोडली. साखर वाढलेली एकीचीच होती. दुसऱ्या दोघी नंतर म्हणाल्या, तेवढंच वजन उतरलं. पण फोन पेटले होते, आणि शांतपणे बोलणारं माणूस हवं म्हणून धाकटीने वहिनीला धावतपळत बोलावून घेतलं होतं.

वहिनीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. ती प्रत्येक फोनवर आपला साधा प्रश्न विचारायची: कुणाची आई? आणि दुसऱ्या बाजूने कुणाची कोण? उत्तरं वहीत लिहायची. चौथ्या दिवशी जुळ्यांनी ती वही पळवली. प्रत्येक माणसाला दोन नाती जोडायची, हे त्यांनी पेटीतच घालून टाकलं. क्रमांक वाचताना नर्स चुकतात. ‘सुताराची थोरली सून, पोस्टमनची मेहुणी’ वाचताना कुणी चुकत नाही. अदलाबदल जवळजवळ थांबली. मोठ्या कंपनीला जे हवं होतं ते हेच, आणि म्हणून कंपनीच्या यादीत सहावी वहिनी होती.

नवऱ्याला तिने सांगितलं नव्हतं. भीती नव्हती. पण तो ऐकेल आणि दोन दिवस बोलणार नाही, आणि मग धाकटीला वाटेल वहिनीसाठी हो म्हणावं, किंवा दादासाठी नाही. ज्याचं त्याने ठरवावं, हे ती साच्यांच्या भिंतीकडूनच शिकली होती.

दार उघडून ती बाहेर आली. तो तिच्या साच्यासमोर उभा होता, हात मागे बांधून. तिला पाहिलं आणि बाजूला झाला, वाट द्यावी तसा.

•

सगळे मधल्या टेबलाभोवती बसले. बाकीच्या मंडळींनी न सांगता आपापले कॉम्प्युटर उचलले आणि ती धक्क्यावर जाऊन बसली. आई धाकटीच्या दहा महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन होती. ते टेबलाची कड चाखून बघत होतं. वायरमन जावई टॉवरवर चढला होता. धाकटी म्हणेल तिथे मी, एवढा निरोप ठेवून तो सकाळीच सटकला होता. ताईच्या मते हा शहाणपणा होता, दादाच्या मते पळपुटेपणा.

ताईने सुरुवात केली आणि ती चांगली बोलली, हे तिला स्वतःलाही जाणवलं. सात वर्षांत धाकटीने काय काय केलं ते तिने एकामागून एक मांडलं. बेटावर इंटरनेट नव्हतं, तिने खात्याच्या साहेबांना बोटीने आणून, भर उन्हात टेकडीवर चढवून टॉवर मिळवला. लोक शिकून निघून जात होते, तिने एकेकाला फोन करून परत बोलावलं. आलेल्यांना पहिलं गिऱ्हाईक तिने मिळवून दिलं. गरोदरपणाच्या नवव्या महिन्यापर्यंत ती या फळ्यांवर उभी होती. आता कुणीतरी तिच्या कामाला तोलामोलाचं म्हणतंय. इथे आणखी सात वर्षं घासून तिने काय कमवायचं?

“मी गेले तेव्हा मला कुणी थांबवलं नाही,” ताई म्हणाली. “हिलाही थांबवू नका.”

हे म्हणताना तिचा आवाज जरा वर गेला, आणि तो का गेला हे तिला नको तेवढं कळलं. आपण गेलो ते बरोबर होतं, हे कुणीतरी पुन्हा गेल्याशिवाय सिद्ध होणार नव्हतं. गणिताच्या बाईला असला पुरावा शोभत नाही. तिने घाईने दादाकडे मोर्चा वळवला.

“बोल आता. नाही म्हणायलाच आलायस ना?”

दादा बोटाने टेबलावरच्या जुन्या खाचा चाचपत होता. “सहावं कोण?” त्याने विचारलं.

धाकटीने वहिनीकडे पाहिलं.

“मी,” वहिनी म्हणाली.

“तुला जायचंय.”

“जायचंय. पण यादीत आहे म्हणून नाही. यादी आली नसती तरी जायचंच होतं.” ती पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. “लग्नाआधी आम्ही चार बहिणी एका खोलीत. मग तुम्ही. मग मुली. एका खोलीत एकटी अशी मी आजवर झोपलेच नाही हो. कसला राग नाही. बघायचंय फक्त, कसं असतं ते.”

दादा काय म्हणेल याची ताईला धास्ती वाटली आणि तिने आधी तोंड उघडलं. पण जे बोलायचं ठरवलं होतं ते न येता भलतंच आलं. “पहिले पंधरा दिवस दिवा लावून झोप,” ती वहिनीला म्हणाली. “आणि खोली बघताना शेजारी कोण राहतं ते आधी बघ. खिडक्याबिडक्या नंतर.”

“तू लावायचीस दिवा?” दादाने बहिणीला विचारलं.

“चार महिने.”

“कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलं नाहीस,” ताई म्हणाली. पण त्यात सकाळची धार उरली नव्हती.

•

आई इतका वेळ गप्प होती. बेटावरच्या दवाखान्यात ती एकतीस वर्षं परिचारिका होती. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, बाकीचे सहा दिवस बेट तिच्या हातात. त्या वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. रोगी आत आल्यावर गुडघ्याचं सांगतो. छातीचं सांगतो तो निघताना, दाराशी वळून. म्हणून ती नेहमी रोगी दाराशी पोचेपर्यंत थांबायची.

तिची धाकटी अजून एक शब्द बोलली नव्हती. सगळ्यांचं ऐकत होती, मान हलवत होती. डोळ्यांखाली काळं होतं. ते बाळाच्या जागरणाचं आहे असं सगळे धरून चालले होते. आईने धरलं नव्हतं. बाळ रात्री छान झोपतं, हे तिला ठाऊक होतं.

मोरीतून पुन्हा टप टप ऐकू आलं. धाकटी उठली, पाना घेतला. आईने मनातल्या मनात पावलं मोजली. दाराशी धाकटी वळली.

“मी हो म्हणणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही उगाच एकमेकांना समजावताय.”

ताईला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. दादाने तोंड उघडलं. आईने हाताने त्याला थांबवलं आणि साध्या आवाजात, ताप कधीपासून आहे असं विचारावं तसं, विचारलं, “का गं?”

“तिथे मला कुणी नळाला बोलावणार नाही.”

दादा हसणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला.

आईने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. “तुझा साचा मी मघाशी वाचला. काय लिहिलंयस?”

“तुला माहितेय.”

“तू वाच.”

धाकटीने तिथूनच, भिंतीकडे न बघता म्हटलं, “या बेटावर शंभर माणसं कामाला बसतील.”

“हे तुझं आहे?”

“मग कुणाचं?”

“बेटाचं आहे. शंभर जणांचं आहे.” आईने बाळाला टेबलाच्या कडेपासून मागे ओढलं. “चाळीस माणसांना तू रोज सांगतेस की स्वतःपुरतं लिहा. इथल्या सगळ्यांना दिसतंय की तुझं एकटीचंच नियमात बसत नाही. बोलत कुणी नाही, कारण पुसायचं नाही असाही तुझाच नियम.”

वहिनीने मान खाली घातली. तिलाही ते पहिल्या आठवड्यापासून दिसलं होतं, आणि धाकटी एवढी मोठी, की तिचं वाक्य चुकलं असेल असं मनात आणणंही तिला आगाऊपणाचं वाटलं होतं. हे ती आत्ता बोलून गेली. धाकटी पाना हातात घेऊन तशीच दाराला टेकली.

•

आपण रडू असं धाकटीला वाटलं होतं, पण डोळे कोरडेच राहिले. उलट, पाय बराच वेळ मुडपून बसल्यावर सरळ करावेत तसं काहीतरी झालं.

मग ती सांगू लागली, आणि तिला सलग सांगता आलं नाही. तीन वर्षं झाली, तिने प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती. याच कामासाठी तिने घरादाराशी वाद घातले होते. बारा-बारा तास एखादा गुंता सोडवत बसायचं आणि शेवटी तो सुटायचा, तेव्हा जे वाटायचं, ते नंतर तिला फक्त एकदाच, बाळाच्या जन्मावेळी, वाटलं होतं. आता ती परवाने आणते. खुर्च्यांवरून झालेली भांडणं सोडवते. मासेवाल्या कॅमेऱ्याच्या मुलाला घरच्यांनी हाकललं तर त्याच्या घरी जाते. वाईट काहीच नाही, सगळं तिनेच आनंदाने अंगावर घेतलं. पण कंपनीच्या बाईंनी पहिल्या फोनवर विचारलं होतं, तुम्ही स्वतः काय बनवता? आणि तिला उत्तर आलं नव्हतं. मग वाटलं, सगळं सोडून तिकडे गेलं की निदान कुणी एक जागा देईल, एक कॉम्प्युटर देईल, आणि म्हणेल, बस, कर.

“म्हणजे तुला जायचं नाहीये,” दादा सावकाश म्हणाला. “तुला सुटायचंय.”

“हो.”

“मग सुट की. समुद्र ओलांडून कशाला जायला पाहिजे?”

ताईने मग, फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं, धाकटीच्या दिवसात काय काय येतं ते तिच्याचकडून वदवून घेतलं आणि एकेक काम दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं. परवाने दादाकडे, कारण खात्यातले सगळे साहेब त्याच्याच बोटीने येतात आणि अर्धा तास त्याच्या तावडीत असतात. भांडणं घड्याळजींकडे, ते बोलेपर्यंत भांडणाऱ्यांचा राग उतरतो. किल्ली आणि तिच्याबरोबरची डागडुजी दर आठवड्याला वेगळ्या कंपनीकडे. पहिला आठवडा कुणाचा, एवढंच उरलं.

“माझा,” आई म्हणाली. “दवाखान्यातला नळ एकतीस वर्षं मीच बघायचे. तो पाना ठेव आधी, उलटा धरलायस.”

चारच्या फोनवर धाकटी उभ्यानेच बोलली. येणार नाही, ती म्हणाली. माणसं इथेच राहतील, काम इथूनच होईल. मात्र शहरात एक टेबल द्या, तीन महिने. तिथे आमचं एक माणूस बसेल. तुमच्या इस्पितळातल्या मंडळींना जे शिकवायचं ते ती शिकवेल, आणि पुढचं तीन महिन्यांनी ठरवू. आपल्याकडे असं कुणी करत नाही, वर विचारावं लागेल, फारशी आशा ठेवू नका, असं कंपनीच्या बाई म्हणाल्या. धाकटीने आभार मानले. नुकसान होऊ शकतं हे तिला कळत होतं. कंपनीचं दार कदाचित कायमचं बंद झालं, हेही तिला दिसत होतं. त्याने आपली झोप उडणार नाही, याचंच तिला नवल वाटलं.

“त्या नाही म्हणाल्या तर?” वहिनीने विचारलं.

“तर तुम्ही आमच्याच खर्चाने जाल. टेबल नसलं तर खोलीतून फोन घ्याल.”

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. पाचची बोट सोडायला तो उठला होता. “खोली बघून ठेवलीयस का?” त्याने विचारलं.

“एक बघितलीय. खिडकी आहे, पण समुद्र दिसत नाही.”

“बरंय,” दादा म्हणाला. “नाहीतर माझी बोट वेळेवर सुटते की नाही तेच मोजत बसली असतीस.” दाराशी जाऊन तो परत आला, उगाचच. “दिवा चांगला घे,” म्हणाला आणि गेला. ताई त्याच्यामागून निघाली. परत जाताना ती वर केबिनमध्ये बसली, असं नंतर बोटीवरच्या माणसांनी सांगितलं.

हळूहळू धक्क्यावरची मंडळी आत आली. आई किल्ली आणि पाना घेऊन मोरीत शिरताना दिसली, तेवढ्यावरून त्यांना कळायचं ते कळलं. बाळ पेंगत होतं. धाकटीने त्याला थंड खोलीत, वहिनीच्या खुर्चीशेजारी चादरीवर निजवलं आणि दार जरासं उघडं ठेवलं.

मग ती जुळ्यांच्या टेबलापाशी गेली आणि पेटीचा प्रोग्रॅम उघडून मागितला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खुर्ची दिली. ती वाचू लागली. आपण लिहिलेलं कुठे आहे ते ती शोधत होती. पहिल्या वर्षी तिने एकटीने, एका तुटक्या पंख्याखाली बसून लिहिलेला तो सगळा भाग. पानामागून पान सरकत गेलं. तिचं एकही वाक्य उरलं नव्हतं. जिथे तिने चाळीस ओळी घातल्या होत्या तिथे आता सहा होत्या, आणि त्या सहा इतक्या नेमक्या, की तिने त्या पुन्हा एकदा, नुसत्या आवडल्या म्हणून, वाचल्या.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” जुळ्यांपैकी एक जरा घाबरून म्हणाली. “आत्या, तुझं काढलं म्हणून राग नाही ना आला? दोन वर्षांपूर्वीच काढलं. तू कामात असायचीस.”

“मला हे सुचलं नसतं,” धाकटी म्हणाली. तिला वाईट वाटलं नव्हतं. शंभर माणसं कधी बसतील तेव्हा बसोत. या दोघी इथे बसल्या होत्या, आणि तिच्यापेक्षा पुढे गेल्या होत्या. तिने खुर्ची ओढून टेबलाजवळ घेतली. “मला एखादं काम दे. सोपं. विसरलेय मी सगळं.”

जुळीने पडून राहिलेल्या कामांची यादी वर-खाली केली. “किती वेळ आहे तुझ्याकडे?”

धाकटीने थंड खोलीच्या दाराकडे कान दिला. आतून काही आवाज नव्हता.

“बाळ उठेपर्यंत,” ती म्हणाली.